बॉयलरचा थर्मोस्टॅट एसीवर: फोंड्यातल्या एका घराचे प्रकरण

वायरमनला बोलावणे गेले ते फॉल्स सीलिंगमधून पाणी टपकते म्हणून. ऑगस्ट महिना, त्यामुळे घरच्यांचा पहिला संशय कौलांवर. वर चढून पाहिले तर वासे कोरडे. पाणी येत होते डक्टेबल एसीच्या (एकाच मशीनची थंड हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत नेणाऱ्या एसीच्या) आतल्या युनिटमधून, आणि गंमत अशी की मशीन बंद केल्यावर अर्ध्या तासाने ते वाढायचे. ड्रेनचा पाइप तुंबला असता तर मशीन चालू असतानाच गळती दिसली असती. बंद केल्यावर वाढणारे पाणी म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या कॉइलवर बर्फ धरला होता आणि आता तो एकदम वितळून पॅनमध्ये मावत नव्हता. गॅस कमी, फिल्टर घाण किंवा ब्लोअर मंद, ही बर्फाची नेहमीची तीन कारणे. तिन्ही तपासली, तिन्ही ठीक निघाली. चौथे कारण खोलीच्या भिंतीवर टांगले होते: विलायतेहून आलेला, बॉयलरसाठी बनवलेला वायरलेस थर्मोस्टॅट.

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. मधोमध राजांगण, भोवती ओसरी, चिऱ्याच्या दीड ते दोन फूट जाडीच्या भिंती, वर मंगळुरी कौले. उत्तरेकडचा भाग, म्हणजे एक दिवाणखाना आणि दोन निजायच्या खोल्या, पाहुण्यांसाठी होमस्टे केलेला. तिथे कौलांखाली इन्सुलेशन आणि फॉल्स सीलिंग करून साडेपाच टनांचा एकच डक्टेबल एसी बसवला होता. तीन फेजवर चालणारा, स्थिर गतीचा स्क्रोल कॉम्प्रेसर, इन्व्हर्टर नाही. ब्लोअर युनिट मधल्या बोळकांडीत छतावर, बाहेरचे युनिट मागच्या परसात, कंट्रोल पॅनेल बोळकांडीच्या भिंतीवर लोखंडी पेटीत.

मूळचा तारेचा थर्मोस्टॅट दिवाणखान्यात, राजांगणात उघडणाऱ्या दाराशेजारी होता. पाहुणे ते दार उघडे ठेवत, कारण राजांगण बघायलाच तर ते आलेले असतात. बाहेरची दमट हवा थेट थर्मोस्टॅटवर येई, त्याला दिवाणखाना २९ अंश वाटे, आणि कॉम्प्रेसर थांबतच नसे. तिकडे आतल्या खोल्या २० अंशांवर. थर्मोस्टॅट आतल्या खोलीत न्यायचा तर दोन चिरेबंदी भिंती फोडून पाइप घालावा लागणार, नाहीतर जुन्या नक्षीच्या तुळईवरून पट्टी मारावी लागणार. मालकांना दोन्ही नको होते आणि त्यांचे बरोबर होते. म्हणून वायरलेस.

मालकांचा धाकटा भाऊ इंग्लंडमधल्या स्विंडनला असतो. (गोव्यातली किती घरे हे वाक्य बोलतात ते सांगायला नको.) त्याने घरचा बॉयलर बदलला, नव्याबरोबर नवा थर्मोस्टॅट आला, जुना चालू स्थितीतला संच उरला. मे महिन्यात सुट्टीवर येताना तो घेऊन आला. विचार चुकीचा नव्हता. खोलीचे तापमान बघून एक खटका चालू-बंद करायचा, इतकेच काम दोन्हीकडे आहे. पण बॉयलरचा खटका आणि कॉम्प्रेसरचा खटका यांत फरक कुठे पडतो ते कळण्यासाठी हा संच आपल्या घरी काय करतो ते आधी पाहायला हवे.

ब्रिटनमधल्या घरगुती सेंट्रल हीटिंगमध्ये गॅसचा बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो. वायरलेस संचाचे दोन भाग असतात. बॅटरीवरचा थर्मोस्टॅट खोलीत, आणि २३० व्होल्टवर चालणारा रिसीव्हर बॉयलरजवळ. रिसीव्हरवर सहसा पाच टर्मिनल असतात: एल (फेज), एन (न्यूट्रल), कॉम (सामाईक), एनओ (एरवी सुटलेला), एनसी (एरवी जुळलेला). एल आणि एन हा रिसीव्हरचा स्वतःचा पुरवठा, जो ३ अँपिअरच्या फ्यूजमधून दिला जातो. उरलेली तीन म्हणजे नुसता खटका, त्यांत स्वतःची वीज नसते. खोली थंड असली की कॉम आणि एनओ जुळतात, खोली पुरेशी तापली की सुटतात, आणि मग कॉम-एनसी जुळलेले राहतात. एनसी तिकडे बहुतेक वेळा रिकामेच असते.

कॉम्बी बॉयलरवर (रेडिएटरचे आणि नळाचे पाणी एकच तापवणाऱ्या बॉयलरवर) रूम थर्मोस्टॅटच्या दोन टर्मिनलांत कारखान्यातून एक जोडतार येते. ती काढायची आणि त्या जागी कॉम व एनओच्या दोन तारा न्यायच्या, की काम झाले. जिथे मोटरवरचा झोन व्हॉल्व्ह (घराच्या एका भागाकडे जाणारे गरम पाणी सोडणारी-अडवणारी झडप) चालवायचा असतो तिथे मात्र एल ते कॉम अशी छोटी जोडतार रिसीव्हरच्या आत घालतात, म्हणजे एनओमधून २३० व्होल्ट बाहेर पडतात आणि व्हॉल्व्हच्या तपकिरी तारेला मिळतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की त्याच्या आतला मायक्रोस्विच करड्या तारेचा कायमचा फेज नारिंगी तारेवर देतो आणि बॉयलर पेटतो. ही एल-कॉम जोडतार तिकडच्या मंडळींचीही दुखरी नस आहे. व्हॉल्व्हवरून काढलेला रिसीव्हर जोडतारेसकट २४ व्होल्टच्या बॉयलरला लावला की बोर्ड जळालाच. स्विंडनचा संच कॉम्बीवरचा होता, त्यामुळे त्यात ती जोडतार नव्हती. वायरमनने झाकण काढून ते पाहिले, हे त्याचे श्रेय.

पुढची चूक रंगाची झाली. कागदावर लिहिले होते: तपकिरी एलला, निळा एनला. पॅनेलमध्ये निळी तार होतीच, ती एनला गेली. पण आपल्याकडच्या तीन फेजच्या पॅनेलमध्ये लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि न्यूट्रल काळा. रिसीव्हरला लाल आणि निळा मिळाले, म्हणजे २३०च्या जागी ४१५ व्होल्ट. (ब्रिटनमध्येही २००४ ते २००६ या काळात रंग बदलेपर्यंत हेच लाल-पिवळा-निळा आणि काळा न्यूट्रल चालत. नव्या कागदावर त्याचा मागमूस नसतो.) खटका वर केल्यावर फट आवाज आणि जळका वास.

रिसीव्हर यातून वाचला तो एका व्हॅरिस्टरमुळे, म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढले की ते स्वतःवर घेणाऱ्या छोट्या घटकामुळे. पुरवठ्यावर आडवा लावलेला २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर ४३० व्होल्टच्या आसपास वाहू लागतो. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ५८७ व्होल्ट असते, त्यामुळे तो प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वाहिला, तापला, शॉर्ट झाला आणि मागचा फ्युजिबल रेझिस्टर उडाला. पुढचा बोर्ड शाबूत. पणजीतून त्याच मूल्याचा व्हॅरिस्टर आणि रेझिस्टर आणून बदलले आणि रिसीव्हर उठला. इथे साधा रेझिस्टर घालण्याचा मोह होतो. तो घालू नये, कारण पुढच्या वेळी फ्यूजचे काम करायला कोणी उरत नाही. आणि टर्मिनलला तार लावण्याआधी मीटरचे दोन टोके त्या दोन तारांवर ठेवून २३० दिसतात का हे पाहायला दहा सेकंद लागतात. निऑनचा टेस्टर या कामाचा नाही. तो फेज आहे एवढेच सांगतो, समोरची तार न्यूट्रल आहे की दुसरा फेज, हे सांगत नाही.

रिसीव्हर दुरुस्त झाल्यावर कागदाप्रमाणे कॉम आणि एनओ जोडले. खोली ३० अंशांवर, थर्मोस्टॅट २४ वर, एसी गप्प. थर्मोस्टॅटच्या लेखी खोली पुरेशी गरम होती, मग बॉयलर कशाला पेटवायचा? कोणीतरी आकडा ३१ वर नेला तेव्हा एसी सुरू झाला, आणि मग थांबेचना. खोली जितकी थंड होई तितकी त्याची खात्री पटे की अजून ऊब हवी. "बाब, हा उलटा चालतो," वायरमन म्हणाला आणि त्याने तार एनओवरून एनसीवर हलवली. आता खोली २४च्या वर गेली की एसी चालू, खाली आली की बंद. दोन दिवस सगळे खूश.

या प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. तार उलटी केली तरी थर्मोस्टॅटची समजूत उलटी होत नाही. त्याच्या मनात तो अजून बॉयलरच चालवत असतो. खोली २४ला आणणे एवढे एकच काम त्याच्याकडे असते तर भागले असते. पण बॉयलरचा थर्मोस्टॅट आणखी पाच-सात गोष्टी न सांगता करत असतो, आणि एनसीवर त्या सगळ्या उलट्या पडतात.

पहिली म्हणजे वेळापत्रक. या संचात कारखान्यातूनच सकाळी साडेसहाला २१, साडेआठला १६, दुपारी साडेचारला पुन्हा २१ आणि रात्री साडेदहाला १६ अंश असा क्रम भरलेला होता. थंड देशात हा शहाणपणा आहे: लोक कामावर गेले किंवा झोपले की घर थोडे गार पडू द्या, गॅस वाचवा. इथे रात्री साडेदहाला एसीला हुकूम मिळे की १६ होईपर्यंत थांबू नकोस. घरच्यांनी बटणाने २४ केले तरी तो बदल पुढच्या वेळेपर्यंतच टिके. दिवसा खोल्या रिकाम्या असतानाही तेच. तिकडची काटकसर इथे उधळपट्टी झाली. (आपल्याकडे स्टार लेबलच्या रूम एसींना १ जानेवारी २०२० पासून २४ अंश हे सुरुवातीचे तापमान ठरवून दिलेले आहे. डक्टेबलला बाहेरून लावलेल्या थर्मोस्टॅटला अशी कोणतीच वेसण नसते.)

बर्फ धरला तो यातूनच. मध्यरात्री खोली १८वर आली, पाहुणे कुडकुडले, आणि त्यांनी माणूस करतो तेच केले: थंड हवा येते त्या जाळीची कळ फिरवून पाती बंद केली. दोन्ही खोल्यांच्या जाळ्या बंद, त्यामुळे कॉइलवरून जाणारी हवा निम्म्यावर. आत येणारी हवा आधीच थंड, तीही थोडी, आणि कॉम्प्रेसर पूर्ण जोरात. कॉइलचा पृष्ठभाग शून्याखाली गेला, दमट हवेतले पाणी तिथेच गोठले, त्याने हवेची वाट आणखी अडवली. सकाळी कोणीतरी मेन बंद केला की पाणी छतातून खाली.

दुसरी गोष्ट दिसायला छोटी, पण कॉम्प्रेसरच्या जिवावर उठणारी. नवे बॉयलर थर्मोस्टॅट साधे चालू-बंद करत नाहीत. ठरवलेल्या तापमानाच्या दीड अंशाच्या पट्ट्यात आले की ते तासाचे सहा तुकडे करतात आणि प्रत्येक दहा मिनिटांत किती मिनिटे बॉयलर चालवायचा ते मोजतात. तांत्रिक कागदांत याला टीपीआय म्हणतात. कंडेन्सिंग बॉयलरला हे मानवते, कारण रेडिएटरमधून परत येणारे पाणी ५५ अंशांच्या खाली राहिले तरच धुरातली वाफ पाणी होऊन तिची उष्णता परत मिळते. कॉम्प्रेसरला मात्र थांबल्यावर किमान तीन मिनिटे विश्रांती हवी. तेवढ्यात दोन्ही बाजूंचे दाब जवळ येतात. त्याआधी सुरू केला तर भरल्या दाबावर उठावे लागते, करंट चढा राहतो आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंटवर मशीन थांबवणारा) पडतो.

त्यात उलट्या जोडणीची खास भर अशी: या संचात बॉयलर एकदा पेटला की निदान १ मिनिट चालू ठेवण्याची सोय होती. एनसीवर तिचा अर्थ कॉम्प्रेसर निदान १ मिनिट बंद. बस, एकच मिनिट. वायरमनने क्लॅम्प मीटर लावून तासभर मांडी घातली तेव्हा सहा वेळा सुरू आणि सर्वांत लहान विश्रांती दीड मिनिटाची दिसली. चालता करंट प्रत्येक फेजला ११ अँपिअर, ओव्हरलोड १४वर लावलेला, तरी आठवड्यात दोनदा पडला होता. मशीन जुनी झाली असे म्हणून ती गोष्ट सोडून दिली गेली होती.

तिसरी गोष्ट वीज गेल्यावरची. पावसात गावाकडच्या फिडरवर वीज जाणे-येणे चालूच असते. वीज आली की रिसीव्हर सावधपणे उठतो: रिले बंद, आधी थर्मोस्टॅटचा निरोप येऊ दे. बॉयलरसाठी उत्तम. पण रिले बंद म्हणजे एनसी जुळलेले, म्हणजे वीज आल्याच्या क्षणी कॉम्प्रेसर सुरू. दहा सेकंदांचा झटका आला तर दहाव्या सेकंदाला. निरोप तुटला किंवा बॅटरी संपली तरी हेच: रिसीव्हर रिले सोडतो आणि एसी अखंड चालतो. सुट्टीचे बटण दाबले तर तापमान ५ अंशांवर, म्हणजे पाइप गोठू नयेत इतपत. फोंड्यात ५ अंश!

त्या रात्रीपुरता उपाय केला तो असा. वेळापत्रकातल्या सगळ्या वेळांना २५ भरले. इन्स्टॉलर मेनूत तासाला सहाऐवजी तीन आवर्तने आणि किमान चालू वेळ ५ मिनिटे केली, म्हणजे कॉम्प्रेसरला तेवढी सक्तीची विश्रांती. कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरच्या (छोट्या कॉइलच्या ओढीने मोठा करंट जोडणाऱ्या खटक्याच्या) आधी १८० सेकंदांचा ऑन-डिले टायमर, म्हणजे वीज मिळाल्यावर तेवढे थांबून पुढे देणारा, टाकला. बर्फ थांबला, ओव्हरलोड पडणे थांबले. आहे ते तसेच ठेवावे असे मालकांना वाटले, पण बॅटरी संपल्यावर अखंड चालणारी मशीन पाहुण्यांच्या घरात ठेवणे योग्य नव्हते. संच बदलायचे ठरले.

नवा घेताना चार गोष्टी पाहिल्या. मेनूत कूलिंगची निवड आहे का, म्हणजे थंडी हवी असताना रिले चालू होतो का. टीपीआय बंद करून साधे चालू-बंद आणि फरकाचा आकडा निवडता येतो का. कॉम्प्रेसरसाठी स्वतःचा विलंब आहे का. निरोप तुटल्यावर रिले सुटतो का. चौथे उत्तर हो हवे, आणि जोडणी एनओवर हवी, म्हणजे काहीही बिघडले तरी मशीन बंद पडेल. पाहुणा उकाड्याने तक्रार करील, ते परवडते. रेडिओचाही मुद्दा आहे. युरोपातले अनेक संच ८६८.० ते ८६८.६ मेगाहर्ट्झवर बोलतात. भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, म्हणजे तो नेमका त्याच्या पलीकडे पडतो. घ्यायचा तर इथल्या पट्ट्यातला किंवा २.४ गिगाहर्ट्झचा. इथे २.४चा घेतला.

आता जोडणी. मेन आणि कंट्रोल असे दोन्ही एमसीबी खाली, पॅनेलला कुलूप, आणि तिन्ही फेज परस्परांत व न्यूट्रलशी मोजून शून्य. बाहेरच्या युनिटचा पुरवठा वेगळ्या खटक्यावर असेल तर तोही.

मूळ कंट्रोल साखळी अशी होती: कंट्रोल एमसीबीमधून लाल फेज, तिथून थर्मोस्टॅट, मग फेज प्रिव्हेंटरचा (एखादा फेज गेला की मशीन थांबवणाऱ्याचा) संपर्क, उच्च दाबाचा स्विच, कमी दाबाचा स्विच, ओव्हरलोडचा एनसी, आणि शेवटी कॉम्प्रेसर कॉन्टॅक्टरच्या कॉइलचे ए१. ए२ काळ्या न्यूट्रलला. नव्या रिसीव्हरचा खटका जुन्या थर्मोस्टॅटच्या जागीच घालायचा, त्यापुढची साखळी जशीच्या तशी. घाईत कित्येक जण रिसीव्हरच्या एनओवरून थेट ए१ला तार नेतात, कारण ती जवळ पडते. मशीन चालतेही. पण त्या एका तारेने चारही सुरक्षा स्विच बाद होतात, आणि हे पहिला फेज जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

एक बदल मुद्दाम केला. जुना थर्मोस्टॅट ब्लोअरची गतीही निवडायचा, तो काढल्यावर ब्लोअरला वेगळा खटका दिला. मग ब्लोअर बंद आणि कॉम्प्रेसर चालू अशी वेळ येऊ शकते, आणि ती बर्फाची सरळ वाट. म्हणून कॉमला फेज थेट एमसीबीवरून न देता ब्लोअर कॉन्टॅक्टरच्या १३-१४ या सहाय्यक संपर्कातून दिला. ब्लोअर ओढलेला असेल तरच कॉमवर फेज येतो. रिसीव्हरचा स्वतःचा एल मात्र एमसीबीवरून थेट, नाहीतर ब्लोअर बंद केला की रिसीव्हरही झोपतो आणि पुन्हा थर्मोस्टॅट शोधत बसतो. एन काळ्याला, मीटरने २३० मोजून.

एनओवरून निघालेली तार टायमरच्या पुरवठ्याला आणि त्याच्या कॉमनला, टायमरच्या एनओवरून पुढे फेज प्रिव्हेंटरकडे. टायमरच्या पुरवठ्याचे दुसरे टोक न्यूट्रलला. नव्या थर्मोस्टॅटला स्वतःचा विलंब असताना टायमर कशाला, असा प्रश्न आला. थर्मोस्टॅटचा विलंब त्याच्या आठवणीवर चालतो. दाबाचा स्विच पडून पुन्हा जुळला तर थर्मोस्टॅटला त्याची खबरच नसते. खरे तर त्या प्रसंगासाठी टायमर साखळीच्या शेवटी, ए१च्या लगत हवा. आधी तो घाईत साखळीच्या सुरुवातीला बसला होता. पुन्हा पॅनेल उघडून तो शेवटी हलवला. आता कोणत्याही कारणाने कॉइलची वीज तुटली की पुन्हा जुळल्यावर १८० सेकंद थांबावेच लागते.

तारा १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या, टोकांना लग. कॉन्टॅक्टरची कॉइल २३० व्होल्टची, ओढताना ७० व्हीएच्या आसपास आणि धरून ठेवताना १० व्हीएच्या आत, म्हणजे करंट अर्ध्या अँपिअरच्याही खाली. रिसीव्हरच्या रिलेवर ३(१) अँपिअर लिहिले होते: कंसाबाहेरचा आकडा साध्या भारासाठी, कंसातला कॉइलसारख्या भारासाठी. पुरेसा. पण ब्लोअरची मोटर थेट त्या रिलेवर लावायची नाही, मग ती कितीही छोटी असो.

कॉइल सुटताना उठणारा झटका २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला गोंधळात टाकू शकतो, म्हणून ए१-ए२वर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर (झटका जिरवणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी) लावला. तो रिलेच्या संपर्कावर आडवा लावू नये. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला सतत सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतात, तेवढ्यावर काही इलेक्ट्रॉनिक टायमर अर्धवट जागे राहतात आणि बंद झाल्यावरही त्यांचा दिवा मिणमिणतो.

रेडिओने दोन दिवस घेतले. चिरा सच्छिद्र दगड. उन्हाळ्यात कोरडा, पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेला, आणि ओल्या भिंतीत २.४ गिगाहर्ट्झचा संदेश चांगलाच विरतो. मे महिन्यात जुळलेला संच जुलैत तुटतो तो यामुळे. रिसीव्हर लोखंडी पेटीत ठेवणे ही आणखी एक चूक, जी आधीच्या संचाच्या वेळी झाली होती. झाकण उघडे असताना संदेश पोचायचा, झाकण लावले की नाही. नवा रिसीव्हर पेटीच्या खाली वेगळ्या प्लॅस्टिकच्या बंद डब्यात बसवला, तारा ग्लँडमधून.

तरीही खोलीपासून रिसीव्हरपर्यंत मध्ये दोन भिंती होत्याच. उपाय घराच्या बांधणीतच होता. आतल्या खोलीची खिडकी राजांगणात उघडते, आणि बोळकांडीचे दारही. थर्मोस्टॅट खिडकीसमोरच्या भिंतीवर हलवला, डबा बोळकांडीच्या दाराच्या रेषेत आणला. आता संदेश लाकडी खिडकीतून बाहेर पडतो, तुळशीवरून राजांगण ओलांडतो आणि समोरच्या दारातून आत येतो. भिंत एकही नाही. खिडकी, दार, पडदे सगळे बंद करून आणि मुसळधार पावसात सिग्नलची चाचणी घेतली. पाचपैकी चार दांड्या.

थर्मोस्टॅटची उंची जमिनीपासून दीड मीटर. एसीच्या जाळीचा झोत त्यावर येत नाही, दुपारचे ऊन पोचत नाही, टीव्ही किंवा फ्रिज खाली नाही. त्या भिंतीत दुसऱ्याच कुठल्या जुन्या तारेचा पाइप येत होता, त्याचे तोंड पुटीने बुजवले. त्या पाइपमधून छतावरची गरम हवा थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते आणि दोन अंशांचा फरक पाडते.

सेटिंग: कूलिंग, २५ अंश, फरक १ अंश, विलंब ३ मिनिटे, पाहुण्यांसाठी २३ ते २८ इतकीच मुभा, वेळापत्रक बंद. दमट हवेत फरक यापेक्षा कमी ठेवण्यात राम नाही. कॉम्प्रेसर थांबल्यावर ब्लोअर चालूच असतो आणि कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत जाते, मशीन वारंवार थांबली तर खोली थंड पण ओलसर राहते.

मग चाचण्या. मेन बंद करून दहा सेकंदांत चालू केला: कॉम्प्रेसर तीन मिनिटे उठला नाही. ब्लोअरचा खटका पाडला: कॉम्प्रेसर लगेच सुटला. फेज प्रिव्हेंटरला एक फेज तोडून दाखवला: सुटला. मशीन चालू असताना थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या काढल्या: अकरा मिनिटांनी रिसीव्हरचा दिवा लाल झाला आणि एसी बंद. ही शेवटची चाचणी सगळ्यांत कंटाळवाणी, म्हणून ती सहसा होत नाही. परत येणारी हवा २५ आणि जाळीतून निघणारी १४ अंश, म्हणजे ११चा फरक, कॉइल निरोगी. दुपारच्या उन्हात तासाला दोन, रात्री तासाला तीन वेळा सुरू, सर्वांत लहान विश्रांती सात मिनिटांची.

दिवाणखाना दार उघडे असले की अजूनही तापतो, तिथले तापमान आता कोणताही थर्मोस्टॅट मोजत नाही आणि त्या जागेसाठी साधा छतपंखा लावला. जाळ्यांच्या कळा सगळीकडे उघड्या स्थितीत स्क्रूने पक्क्या केल्या. फिल्टर पावसाळ्यात दर पंधरवड्याला धुवायचा, बुरशीचा वास येण्याआधी.

स्विंडनचा संच परत पाठवायचा ठरला. एनसीवर चिकटपट्टी मारून, आणि आत कागद ठेवून: व्हॅरिस्टर आणि रेझिस्टर बदललेले आहेत, टीपीआय तीनवर आहे, बॉयलरला लावण्याआधी सहावर आणावे आणि किमान वेळ पुन्हा १ मिनिट करावी. नव्या थर्मोस्टॅटच्या दोन अल्कलाइन एए बॅटऱ्या दिवा लागण्याची वाट न पाहता दर वर्षी चवथीच्या आधी, घराची साफसफाई होते त्या आठवड्यात बदलायच्या, असे घरच्या वहिनींनी पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहे.